मागच्या सीटवरचे परीक्षक

माझे साडू गाडीच्या लायसन्सची परीक्षा घेत. शहरातल्या निम्म्या लोकांना त्यांनी नापास केले आहे, असे लोक म्हणतात. ते खरे नाही. पास केलेले जास्त आहेत. पण पास झालेला माणूस स्वतःच्या हुशारीने पास होतो आणि नापास झालेला साडूंमुळे, त्यामुळे हा हिशेब कधी जुळत नाही. साडूंनी तो जुळवायचा प्रयत्नही केला नाही.

त्यांचा न्हावी त्यांच्या हातून नापास झालेला आहे. तरी ते दाढीला त्याच्याकडेच जात. गळ्यावर वस्तरा आणि वर तो माणूस, हे चित्र मला बरे दिसेना. मी एकदा विचारले, "दादा, गावात दुसरा न्हावी नाही का?"

"आहे," ते म्हणाले. "तोही झालाय."

घरात त्यांना नापासराव म्हणतात. हे नाव आमच्या सासूबाईंनी ठेवले. सासूबाई थोरल्या मुलीकडे, म्हणजे साडूंच्याच घरी राहतात, सकाळचा चहा त्यांच्याच हातचा घेतात आणि तोंडावर त्यांना जावईबापू म्हणतात. नापासराव हे पाठीमागे. पाठीमागे म्हणजे दाराच्या पलीकडे. घर लहान आहे आणि सासूबाईंना ऐकू कमी येत असल्याने त्या मोठ्याने बोलतात, तेव्हा हे नाव साडूंना पहिल्या दिवसापासून माहीत असावे.

परीक्षेच्या गाडीत शेजारच्या सीटसमोरही एक ब्रेक असतो. उमेदवार गाडी चालवतो, परीक्षक शेजारी बसतो, आणि परीक्षकाला तो ब्रेक दाबावा लागला की परीक्षा तिथेच संपते. त्यांच्या खात्यात याला 'पाय लावणे' म्हणतात. "आज दोघांना पाय लावला," असे साडू जेवताना सांगत, तेव्हा घरात नव्याने आलेल्या माणसाचा घास हातातच राही. एरवी परीक्षकाने बोलायचे नसते. दिशा तेवढी सांगायची, तीही ठरलेल्या शब्दांत. "आपण पुढे डावीकडे वळावं." "आपण इथे थांबावं." शाबासकी नाही, इशारा नाही, नुसते हुं नाही. शेवटी निकाल: "आपण पात्र आहात," किंवा "आपण आज पात्र नाही." यातला 'आज' साडूंनी पदरचा घातला होता. खात्याची त्याला हरकत नव्हती.

सगळी नोकरी अशी काढलेला माणूस घरी येऊन एकदम गप्पांचा फड जमवील, ही अपेक्षा चूक आहे. ताईंनी, म्हणजे माझ्या मेव्हणीने, लग्नानंतर थोड्याच दिवसांत ती सोडली. साडू कोणावर रागावत नसत, कोणाला टोचून बोलत नसत, घरातले कुठले काम अडू देत नसत. फक्त बोलत नसत. त्यांच्याशी भांडायचे तर दोन्ही बाजू ताईंनाच सांभाळाव्या लागत, आणि त्या सांभाळत.

दर हिवाळ्याच्या सुट्टीत मी आणि बायको त्यांच्याकडे जातो. विमा कंपनीत मी दाव्यांच्या टेबलावर आहे. वर्षभर लोकांच्या आपटलेल्या गाड्यांचे कागद पाहिल्यावर साडूंच्या घरी जाऊन शेगडीजवळ पाय ताणून बसणे ही माझी सुट्टी. स्टेशनवर न्यायला साडू येत. गाडी धुतलेली, इंजिन गरम, बोलणे शून्य. या वेळी स्टेशनबाहेर गाडी नव्हती. साडू आणि ताई बसच्या थांब्यावर उभे होते. दोघांच्या कानाला मफलर होता आणि बॅग घ्यायला साडूंनी हात पुढे केला, तो माझ्या बॅगेच्या जरा बाजूला.

झाले होते ते असे. परीक्षा सुरू होण्यापूर्वी उमेदवाराची नजर तपासतात. आवारात एक रेघ आखलेली आहे. त्या रेघेवर उभे राहून समोरच्या भिंतीजवळच्या गाडीच्या पाटीवरचा नंबर वाचायचा. थंडीच्या सुरुवातीला एका सकाळी एका उमेदवाराने तो खणखणीत वाचला. तो बरोबर वाचला की चूक, हे साडूंना सांगता येईना. त्यांनी त्या माणसाची माफी मागितली, परीक्षा दुसऱ्याकडे सोपवली, आणि तसेच डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. डोळ्याचा पडदा खराब होत चालला होता. कडेचे दिसे, मधले पुसट. गेलेली नजर परत यायची नव्हती, आहे ती टिकवायची होती. गाडी चालवायची की नाही याबद्दल डॉक्टर काही बोलण्याआधी साडूंनी आपले लायसन्स खात्यात नेऊन दिले. खात्याने त्यांना कागदपत्रांच्या टेबलावर बसवले.

"स्वतःलाच पाय लावला म्हणायचं," माझी बायको बसमध्ये म्हणाली.

"हो," साडू म्हणाले. ते हसले की नाही, मफलरमुळे कळले नाही.

पण खरी अडचण डोळ्यांची नव्हती, मुलीची होती. त्यांची एकुलती एक मुलगी डोंगरापलीकडच्या गावात असते. नवरा जहाजावर, घरी कधी असतो कधी नसतो. थंडी संपता संपता तिचे बाळंतपण होते. डोंगरातून जाणारी बस थंडीत मनात आले तर धावते. आजवर साडू गाडी काढत आणि ताई शेजारी डबे धरून बसत. आता गाडी दारात होती, पेट्रोल होते, रस्ता होता, आणि घरात चालवणारे कोणी नव्हते.

म्हणून ताईंनी शिकायला सुरुवात केली. या वयात. क्लासला जाऊन त्या गिअर, क्लच सगळे शिकल्या. परीक्षेची तारीख सुट्टीनंतरच्या पहिल्या सोमवारची मिळाली. ती हुकली तर पुढची वसंतात, म्हणजे नातवंडाचे बारसे होऊन गेल्यावर. आणि सुट्टीत क्लास बंद. आता सराव घरच्याच गाडीवर.

"शिकवायला घरात एवढा मोठा माणूस आहे," सासूबाई म्हणाल्या. "नापासराव—" इथे त्या थांबल्या आणि त्यांनी चहाचा घोट घेतला. "जावईबापू आहेत की."

साडूंनी नियम सांगितला. शिकाऊ माणसाच्या शेजारी लायसन्सवाला बसलेला हवा. त्यांच्याकडे आता लायसन्स नव्हते. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले.

"भावोजी, तुम्हाला सुट्टीच आहे," ताई म्हणाल्या.

अशा तऱ्हेने मी पुढे बसलो, ताई स्टिअरिंगला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच साडू मागच्या सीटवर. ते बरोबर माझ्या मागे बसत. तिथे ब्रेक नव्हता, पण पायाला ते माहीत नव्हते. पहिल्याच चौकात एक हातगाडी आडवी आली आणि सीटमधून माझ्या पाठीत दणका बसला. ताईंनी गाडी वेळेत थांबवली होती.

"दादा," मी म्हणालो.

"माफ करा," साडू म्हणाले. पुढच्या चौकात पुन्हा.

पाठीचे मी सोसले असते. ताईंना सोसवत नव्हती ती शांतता. गाडीत बसले की साडूंची भाषा बदलत असे. घरात "अगं, चष्मा कुठंय?" म्हणणारा नवरा मागच्या सीटवरून खात्याच्या आवाजात म्हणे, "आपण पुढे उजवीकडे वळावं." मग काही नाही. चूक झाली तरी नाही, बरोबर झाले तरी नाही. वळण घेताना ताई आरशात त्यांचे तोंड बघत आणि तेवढ्यात रस्ता बघायचा राही.

"अहो, काहीतरी बोला," त्या म्हणत.

"परीक्षेत बोलत नाहीत."

"ही परीक्षा नाहीये."

यावर साडू विचार करत. तो विचार बहुतेक घरी पोचेपर्यंत चाले. दारात गाडी लागली की हातातले मोजे काढत ते सांगत, "आपण आज पात्र नाही." कारण विचारले तर कारण देत. कधी आरसा पाहिला नाही, कधी थांबताना घाई केली, कधी सायकलवाल्याला जागा कमी दिली. सगळी कारणे रास्त असत. पण ती गाडी लावून झाल्यावर मिळत.

सासूबाई खिडकीत बसून असत. आम्ही आत आलो की त्या विचारत, "काय लागला निकाल?"

"तोच," ताई म्हणत आणि स्वयंपाकघरात जात.

मला यात साडूंची बाजूही दिसत होती. तपासणे आणि शिकवणे ही दोन वेगळी कामे आहेत. आमच्याकडे हिशेब तपासायला माणसे येतात. ती चूक नेमकी दाखवतात, पण तुम्ही ती करायच्या आधी हात धरत नाहीत. ते त्यांचे कामच नव्हे. साडूंनी हजारो माणसांना जोखले होते, शिकवले एकालाही नव्हते. पोटच्या मुलीला त्यांनी क्लास लावला होता.

सुट्टी सरत आली तेव्हा ताईंनी रस्त्याच्या कडेला गाडी लावली, किल्ली काढली आणि ती पर्समध्ये टाकली.

"मला जमणार नाही," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता, म्हणून जास्त वाटले. "क्लासमधला तो पोरगा माझ्यावर ओरडायचा तरी. ओरडलं की कळायचं, कोणीतरी बघतंय. मागं तुम्ही बसलात की मला वाटतं मी एकटीच गाडीत आहे."

मी होतो, पण हे बोलायची ती वेळ नव्हती.

"लेक तिकडे एकटी राहील," ताई म्हणाल्या. "शेजारणी आहेत तिच्या. होईल काहीतरी."

साडू दार उघडून उतरले. आम्ही तिघे घरापर्यंत चालत आलो. अंतर फार नव्हते. संध्याकाळी मी जाऊन गाडी आणली. रात्रीच्या जेवणाआधी मुलीचा फोन आला. "आई, तू वेळेवर येशील ना?" असे ती विचारत होती, ते बाहेरच्या खोलीपर्यंत ऐकू आले. ताईंनी "बघू" म्हटले. ताई मुलीला कधी बघू म्हणत नाहीत. साडू शेगडीसमोर बसले होते. त्यांनी आपला तळहात मांडीवर, जिथे परीक्षेचे कागद लावलेली फळी असायची तिथे, सपाट ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाट धुके पडले. समोरचे घर नव्हते. ताईंना बरे वाटले असावे. "आज काही जायचं नाही," असे म्हणून त्यांनी कणीक भिजवायला घेतली. तेवढ्यात माझ्या बायकोने खिडकीची काच पुसून बाहेर पाहिले.

"ताई, भावोजी गाडीत बसलेत."

खरेच बसले होते. मागच्या सीटवर, कोट, टोपी, मफलर, हातमोजे.

ताई पिठाच्या हाताने बाहेर गेल्या. "अहो, काय हे?"

"सोमवारी धुकं असू शकतं," साडू म्हणाले. "धुक्यात परीक्षा रद्द होत नाही."

ताईंनी आत येऊन हात धुतले. मलाही कोट घालावा लागला.

आम्ही माणूस चालतो त्या वेगाने निघालो. दिवे लावले होते, वायपर चालू होता. मला समोरच्या गाडीचे लाल ठिपके, फुटपाथची कड आणि झाडांचे बुंधे एवढे दिसत होते. साडूंना काय दिसत होते, याचा मी तोवर विचार केला नव्हता. पुसट डोळ्यांना धुक्यात काहीच दिसत नसणार. सगळे दुधासारखे पांढरे.

"समोर काय आहे?" मागून आवाज आला.

ताई दचकल्या. असा प्रश्न साडूंच्या ठरलेल्या वाक्यांत नव्हता. ही काहीतरी नवीन परीक्षा, असे समजून त्यांनी शाळेतल्या मुलीसारखे उत्तर दिले. "समोर एक गाडी आहे. बरंच अंतर आहे."

"आणि डावीकडे?"

"डावीकडे भिंत. आता संपली. आता एक बाई चाललीय, हातात पिशवी. रस्ता ओलांडायच्या विचारात आहे."

"मग?"

"मग मी हळू करते. गेली. ओलांडली तिने."

आम्ही थोडे पुढे गेलो. उजव्या बाजूला काहीतरी मोठे सावलीसारखे उभे राहिले.

"हे काय आहे?" साडूंनी विचारले, आणि या वेळी आवाज परीक्षकाचा नव्हता. अंधाऱ्या खोलीत माणूस विचारतो तसा होता. ताईंनी आरशात पाहिले. मग पुन्हा रस्त्याकडे पाहिले, आणि त्यानंतर आरशात पाहणे सोडून दिले.

"ट्रक आहे," त्या म्हणाल्या. "उभा आहे. ड्रायव्हर खाली उतरून चाकाकडे बघतोय. आपल्याला काही करत नाही तो."

"बरं."

"पुढे चौक येतोय. सिग्नल बंद पडलाय वाटतं. सगळे एकमेकांकडे बघतायत."

"आता आपण काय करावं?" साडू म्हणाले.

ताईंनी गाडी थांबवली आणि मान न वळवता विचारले, "आपण म्हणजे कोण? मी, की आपण?"

आता मराठीत याचे उत्तर शब्दांत देणे अवघड आहे. 'आपण' हा शब्द खात्यात चालतो, तसाच घरातही. साडूंनी विचार केला, पण या वेळी घरी पोचेपर्यंत नाही.

"दोघं," ते म्हणाले.

गाडीत तिसरा माणूसही होता. मी ते लावून धरले नाही.

"मग मी आधी उजवीकडच्याला जाऊ देते," ताई म्हणाल्या. "मग आपण जाऊ."

त्यानंतर ताईंचे तोंड बंद झाले नाही. जे दिसेल ते त्या सांगत. आला सायकलवाला, याची घंटा मोडलीय वाटतं, पाव घेऊन चाललाय, आता वळेल, नाही वळला, मेला हातही दाखवत नाही. साडू ऐकत होते. आणि हळूहळू माझ्या लक्षात आले की ताई जे सांगत नाहीत ते त्यांनी पाहिलेलेच नसते, हे साडूंनी ओळखले होते.

"मागून काय येतंय ते सांगितलं नाहीस," ते एका वळणावर म्हणाले.

"बघितलं नाही."

"मग बघ की."

ताईंनी पाहिले. मागून बस येत होती. त्यांनी बसला जाऊ दिले आणि मग वळल्या. माझी पाठ त्या दिवशी निवांत होती. घरी पोचल्यावर साडूंनी मोजे काढले आणि निकाल न सांगताच आत गेले. सासूबाईंनी विचारले, तर ताई म्हणाल्या, "विसरले वाटतं."

उरलेले सगळे दिवस आम्ही फिरत होतो. सकाळी बाजार, दुपारी डोंगराचा रस्ता. धुके गेले तरी ताईंची वर्णने गेली नाहीत. माझी बायकोही एकदा हौसेने मागे बसली आणि उतरल्यावर म्हणाली, "ताई, तुझ्या गाडीत बसलं की रेडिओ नको."

सोमवारी परीक्षेच्या आवारात साडू आत आले नाहीत. नातेवाईकाच्या परीक्षेला परीक्षकाने हजर राहायचे नसते. ते आता टेबलावर आहेत, हे मी दाखवून दिले. "तरीही," ते म्हणाले. आम्ही दोघे फाटकाबाहेर उभे राहिलो. ताईंची परीक्षा एक तरुण परीक्षक घेणार होता, साडूंच्या हाताखाली तयार झालेला. तो साडूंना पाहून सरळ उभा राहिला आणि मग साडू त्याच्याकडे बघत नाहीत असे पाहून आत गेला. त्याला कळले नसावे, की त्यांना तो दिसलाच नव्हता.

गाडी बाहेर पडली, रस्त्याला लागली, दिसेनाशी झाली. साडूंनी मफलर कानावर ओढला. गार वारा होता. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "आली का?"

"नाही."

"सांगा आली की."

ती आली तेव्हा मी सांगितले. गाडी फाटकातून आत गेली, रेघेत थांबली. ताई उतरल्या.

"चेहरा कसा आहे?"

मी पाहिले. ताई पदराने कपाळ पुसत होत्या. "दादा, मला काही अंदाज येत नाही."

"तुम्ही दाव्यांत काम करता ना?"

"तिथे चेहरे नसतात."

तेवढ्यात तो तरुण परीक्षकच आमच्याकडे चालत आला. थंडीतही त्याला घाम आला होता.

"साहेब," तो म्हणाला, "वहिनी पूर्ण वेळ बोलत होत्या."

"काय बोलत होत्या?"

"सगळं. कुत्रं आलं, कुत्रं गेलं. शाळेची भिंत आली. पुढचा पिवळ्या कोटातला माणूस दारू प्यायलेला दिसतोय, म्हणाल्या. होता तो. मला वाटलं मलाच दिसत नाहीये."

साडूंनी मान हलवली. "उमेदवाराने बोलू नये असा नियम नाही."

"नाही साहेब. मी मनात शोधला. एकदा मी पाय लावणारच होतो, तर त्या म्हणाल्या, थांबतेय मी, घाबरू नका. आणि थांबल्या." त्याने खिशातून रुमाल काढला. "पात्र आहेत."

साडूंनी त्याला विचारले, "हे तिला सांगितलं का?"

"नाही, आधी तुम्हाला—"

"आधी उमेदवाराला सांगायचं," साडू म्हणाले. तो लगबगीने परत गेला. ताईंनी ऐकले आणि फाटकाकडे हात वर केला. तो हात वर झालाय, हेही मला साडूंना सांगावे लागले. त्यांनीही हात वर केला, जरा भलत्या दिशेला. ताईंना तो पोचला.

त्याच दुपारी आम्ही परत निघालो. स्टेशनवर सोडायला ताईंनी गाडी आणली होती. मी मागे बसलो आणि पाठ टेकली.

महिनाभराने बायकोला भाचीचा फोन आला. बायकोने तो मोठ्या आवाजावर ठेवला.

"मावशी, आई-बाबा पोचले," भाची म्हणाली. "डोंगरात बर्फ होता, तरी पोचले. पण आईचं काहीतरी झालंय. सारखी बोलतेय. घरात आल्यापासून माझं घर बाबांना वाचून दाखवतेय. सिंकमध्ये दोन कप आहेत, पडदा एका बाजूने खाली आलाय, कपाटाचं दार उघडंच. मी समोर उभी आहे आणि ती बाबांना सांगतेय, हिनं वजन नीट वाढवलंय, पण झोप झालेली दिसत नाही."

"आणि बाबा?" बायकोने विचारले.

"बाबा विचारतायत, आणि कोपऱ्यात काय आहे?"

"काय आहे कोपऱ्यात?"

"पाळणा. सुटा आलाय, जोडायचा होता. आता बाबा खाली बसून जोडतायत. एक स्क्रू हातातून पडलाय."

"मग दे ना उचलून."

"आई देऊच देत नाही. ती खुर्चीत बसून सांगतेय, डावीकडे, अजून थोडं डावीकडे." भाची थांबली. मागे दोघांचे आवाज येत होते. "बाबा विचारतायत, तुझ्या डावीकडे की माझ्या?"